संगणक कक्षाची घडी : एका इमेजमधून वीस संगणक

निवासी शाळेतील संगणक कक्षाचे महत्त्व शहरातील शाळेच्या कक्षापेक्षा निराळे असते. शहरातील विद्यार्थ्याला घरी, शेजारी किंवा कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत संगणक मिळू शकतो. वाडीवस्तीवरून, तांड्यावरून वा ऊसतोडीच्या कुटुंबातून वसतिगृहात आलेल्या मुलामुलींच्या वाट्याला मात्र शाळेच्या कक्षातील संगणक हाच एकमेव संगणक येतो. तो बंद पडला म्हणजे त्या मुलांपुरता विषयच बंद पडतो. म्हणून संगणक विकत घेण्याइतकेच ते सर्व एकसारखे चालू ठेवण्याचे शास्त्रही शाळेने आत्मसात केले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या शास्त्रातील एका उपयुक्त पद्धतीची ओळख करून देणे हा आहे. एका संगणकाची नीट बसवलेली घडी जशीच्या तशी उचलून इतर सर्व संगणकांवर बसवणे, आणि घडी विस्कटली की पुन्हा पूर्ववत करणे, अशी ती पद्धत आहे. तंत्रज्ञ तिला डिस्क क्लोनिंग व रिस्टोअर म्हणतात.

प्रश्नाचे स्वरूप

कक्षात २० संगणक आहेत असे समजू. वर्षभर शेकडो हात त्यांच्यावरून फिरतात. कोणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो, कोणी एखादी फाइल पुसतो, मध्येच वीज गेल्याने ऑपरेटिंग सिस्टीम बिघडते. मग तंत्रज्ञाला बोलावून ‘फॉरमॅट मारणे’ हा नेहमीचा उपाय होतो. एका संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम घालणे, ड्रायव्हर बसवणे, अद्ययावत करणे, मराठी टंकलेखनाची सोय करणे, लिबरऑफिस, जिओजेब्रा, स्क्रॅच यांसारखी अध्यापनाची साधने घालणे आणि प्रिंटर जोडणे या साऱ्याला मिळून ३ तास लागतात असे धरले, तर २० संगणकांना ६० तास होतात. शाळा सांभाळून रोज ४ तास दिले तरी १५ दिवसांचे काम झाले. सहा दिवसांच्या आठवड्याच्या हिशेबाने हे अडीच आठवडे होत. आठवड्याला दोन तासिका असलेल्या वर्गाच्या पाच तासिका त्यात बुडाल्या. शिवाय हाताने केलेल्या वीस कामांत वीस प्रकारचे फरक राहतात. एका संगणकावर मराठी कळफलक असतो, दुसऱ्यावर नसतो, आणि शिक्षकाला शिकवण्याऐवजी असे फरक निस्तरत बसावे लागते.

इमेज म्हणजे काय?

हार्डडिस्कवरील माहिती लहान लहान ठोकळ्यांत साठवलेली असते. आपण एखादे फोल्डर कॉपी करतो तेव्हा त्यातील फाइल्स तेवढ्या जातात. परंतु संगणक सुरू होण्यासाठी फाइल्स पुरेशा नसतात. डिस्कचे विभाग कसे पाडले आहेत याचा तक्ता, संगणक सुरू करणारा आरंभीचा भाग, लपलेले विभाग आणि फाइल्सची रचना हे सारे जसेच्या तसे जागच्या जागी असावे लागते. डिस्कची अशी समग्र नोंद म्हणजे ‘डिस्क इमेज’ होय. इमेज तयार करणे म्हणजे त्या क्षणीची डिस्क जतन करणे, आणि रिस्टोअर करणे म्हणजे एखाद्या डिस्कला त्या क्षणीच्या स्थितीत नेऊन बसवणे.

नक्कल करण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत डिस्कवरील प्रत्येक ठोकळा, भरलेला असो वा रिकामा, उचलला जातो. लिनक्समधील ‘डीडी’ ही जुनी आज्ञा असेच करते. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने वाचली, तर ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागतात. दुसऱ्या रीतीत प्रोग्राम फाइलव्यवस्थेचा नकाशा वाचून फक्त वापरलेले ठोकळे उचलतो. त्याच डिस्कवर ४० जीबीच माहिती असेल, तर त्याच वेगाने ४०० सेकंदांत, म्हणजे सात मिनिटांच्या आत काम होते. वर ती माहिती दाबून साठवल्याने जागाही कमी लागते. शाळेसाठी दुसरी रीत व्यवहार्य ठरते.

थोडा इतिहास

ही पद्धत प्रथम लोकप्रिय केली ती ‘घोस्ट’ या प्रोग्रामने. न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड यांनी तो तयार केला, १९९५ साली तो बाजारात आला आणि १९९८ मध्ये सिमँटेक या अमेरिकन कंपनीने तो विकत घेतला. पुढे तो ‘नॉर्टन घोस्ट’ या नावाने जगभर गेला. तो विकतचा होता. शाळांच्या आवाक्यात बसेल असे साधन पुढे तैवानमधून आले. तेथील राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्राने ‘क्लोनझिला’ विकसित केले. स्टीव्हन शियाऊ हे त्याचे प्रमुख विकसक होत. क्लोनझिला मुक्त परवान्याखाली दिलेले असल्याने त्याला शुल्क पडत नाही आणि कितीही संगणकांवर ते वापरता येते. ‘फॉग’ नावाचा आणखी एक मुक्त प्रकल्पही याच कामासाठी आहे. शाळेतील किंवा कार्यालयातील एक संगणक कायमचा सर्व्हर म्हणून ठेवता येत असेल, तर तो सोयीचा पडतो. पुढील विवेचन क्लोनझिला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

आदर्श संगणकाची सिद्धता

ज्या संगणकाची इमेज घ्यावयाची त्याला आपण ‘आदर्श संगणक’ म्हणू. या कामातील सर्वाधिक परिश्रम येथेच घ्यावे लागतात. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. मूळ पोथीत लेखनिकाने एक ओळ गाळली, तर तिच्यावरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत ती ओळ गाळलेलीच सापडते. किंबहुना अशा समान चुकांवरूनच कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे अभ्यासक ठरवतात. इमेजचे तसेच आहे. आदर्श संगणकात व्हायरस असेल तर तो २० ठिकाणी जाईल, आणि एखाद्या शिक्षकाचा ईमेल त्यात उघडा राहिला असेल तर तो २० पडद्यांवर उघडेल.

म्हणून पुढील काळजी घ्यावी. ऑपरेटिंग सिस्टीम अधिकृत माध्यमावरून नव्याने घालावी. आवश्यक तेवढेच प्रोग्राम बसवावेत. मराठीसाठी युनिकोड फॉन्ट व इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करावा, कारण जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले लेखन दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. विद्यार्थ्यांसाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवावे आणि व्यवस्थापकाचे खाते निराळे, पासवर्डसह ठेवावे. ब्राउझरमधील साठलेले पासवर्ड व इतिहास पुसावा. मग तो संगणक एक-दोन दिवस प्रत्यक्ष तासिकेत वापरून पाहावा आणि सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावरच इमेज घ्यावी.

विंडोज असल्यास आणखी तीन बाबी आहेत. पहिली, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा. ही सोय चालू असली की विंडोज अर्धवट निद्रेत राहते आणि अशा स्थितीतील विभागाची नक्कल घेण्यास साधन नकार देऊ शकते. दुसरी, बिटलॉकरचे कुलूप असेल तर ते आधी काढावे, अन्यथा वापरलेले ठोकळे ओळखता येत नाहीत आणि सगळी डिस्क उचलावी लागते. तिसरी बाब ‘सिसप्रेप’ची. प्रत्येक विंडोज संगणकाला स्वतःचा आंतरिक ओळखक्रमांक असतो. तीच इमेज अनेकांवर घातली की सर्वांचा क्रमांक एक होतो. सिसप्रेप हे विंडोजमधील साधन ‘जनरलाइझ’ पर्यायाने चालवले, तर ती ओळख पुसली जाते आणि प्रत्येक संगणक पहिल्यांदा सुरू होताना नवी ओळख धारण करतो. सिसप्रेप चालवून संगणक बंद झाल्यावर तो पुन्हा सुरू न करता थेट इमेज घ्यावी. परवान्याविषयीही स्पष्ट असावे. इमेज घातल्याने परवाना मिळत नाही, तो प्रत्येक संगणकाचा स्वतंत्र असावा लागतो.

इमेज घेण्याची कृती

१. क्लोनझिला पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि आदर्श संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. क्लोनझिला त्या संगणकावर बसवावे लागत नाही.

२. इमेज ठेवण्यासाठी बाहेरची मोठी हार्डडिस्क जोडावी. ज्या डिस्कची नक्कल घ्यायची, तिच्यावरच इमेज ठेवता येत नाही.

३. ‘डिव्हाइस-इमेज’ हा पर्याय निवडावा. एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याचा पर्यायही असतो, पण त्यात मूळ व लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर भरलेली डिस्क रिकाम्या डिस्कने पुसली जाते. नवशिक्याने तो टाळावा.

४. नवशिक्यांसाठीची पद्धत निवडून ‘सेव्हडिस्क’ घ्यावे आणि इमेजला तारीख व प्रकार कळेल असे नाव द्यावे. ‘नवी’, ‘नवी २’ अशा नावांनी पुढच्या वर्षी घोटाळा होतो.

५. इमेज घेतल्यानंतर ती रिस्टोअर होण्यायोग्य आहे की नाही हे तपासण्याचा पर्याय साधन विचारते. तो वगळू नये.

एवढे झाल्यावर सर्व संगणकांकडे न वळता एकाच जादा संगणकावर ती इमेज घालून पाहावी. तो सुरू झाला, आवाज, प्रिंटर, इंटरनेट व मराठी टंकलेखन चालले, तरच इमेज पक्की समजावी.

वीस संगणकांवर वाटप

सर्वांत साधी रीत म्हणजे पेनड्राइव्ह व बाहेरची डिस्क घेऊन एकेका संगणकावर ‘रिस्टोअरडिस्क’ करणे. प्रत्येकी २० मिनिटे धरली तरी ४०० मिनिटांत, म्हणजे ६ तास ४० मिनिटांत २० संगणक होतात. हाताने होणारे ६० तासांचे काम एका रविवारात बसते, आणि सर्व संगणक तंतोतंत सारखे होतात.

दुसरी रीत नेटवर्कची. संगणक सुरू होताना डिस्कऐवजी नेटवर्क कार्डाद्वारे सुरुवात करता येते. कार्ड सर्व्हरकडे पत्ता मागते, सर्व्हर पत्ता देतो आणि आरंभीचा छोटा प्रोग्राम पाठवतो. त्यानंतर इमेज तारेवरून येते. येथे हिशेब समजून घ्यावा. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जुन्या स्विचवरून जास्तीत जास्त १२.५ एमबी जातात. ३० जीबीची इमेज एका संगणकावर जाण्यास किमान ४० मिनिटे लागतील. सर्व्हर प्रत्येकाला स्वतंत्र प्रत पाठवू लागला, तर २० संगणकांसाठी तेच काम २० वेळा होईल आणि १३ तासांहून अधिक वेळ जाईल. गिगाबिट स्विच असेल तर हाच वेळ साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे मल्टिकास्ट. वर्गातील श्रुतलेखन आठवावे. शिक्षक प्रत्येक मुलाच्या कानाशी जाऊन वाक्य सांगत नाहीत. ते एकदाच मोठ्याने उच्चारतात आणि सर्व मुले एकाच वेळी लिहून घेतात. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर इमेजचा प्रत्येक तुकडा एकदाच पाठवतो आणि सर्व संगणक तो एकदमच घेतात. संगणक ५ असोत वा २०, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. क्लोनझिलाच्या निर्मात्यांनी स्वतःच्या केंद्रातील वर्गात ४१ संगणकांवर ५.६ जीबीची इमेज अशा रीतीने सुमारे १० मिनिटांत घातल्याची नोंद दिली आहे. मात्र श्रुतलेखनातील अडचण येथेही येते. एक मूल मागे पडले की शिक्षकांना थांबावे लागते, तसे एका संगणकाची तार सैल असली वा डिस्क कुरकुरत असली की सर्वांचा वेग मंदावतो. अशा संगणकाला बाजूला काढून त्याचे काम पेनड्राइव्हने करावे. वाय-फायवर हे काम करू नये. आणि वीज मध्येच जाण्याचा संभव असेल, तर सर्व्हर, स्विच व संगणक यूपीएसवर असल्याशिवाय सुरुवातच करू नये, कारण अर्धवट रिस्टोअर झालेली डिस्क सुरू होत नाही.

वाटपानंतर प्रत्येक संगणकाला वेगळे नाव द्यावे. ‘कक्ष-०१’ पासून ‘कक्ष-२०’ असे साधे नाव पुरते. तेच नाव पेटीवर चिकटवावे, म्हणजे तक्रारवहीत ‘कोपऱ्यातला’ असे लिहावे लागत नाही. लिनक्सच्या संगणकांतही ‘मशीन-आयडी’ नावाची एक ओळख असते. ती सर्वांवर सारखी राहिली, तर काही व्यवस्थांत दोन संगणकांना एकच नेटवर्क पत्ता मिळून दोघेही अडतात. म्हणून इमेज घेण्यापूर्वी ती रिकामी करून ठेवावी.

पुसले जाते ते काय?

येथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी एक गोष्ट आहे. रिस्टोअर म्हणजे दुरुस्ती असे आपण म्हणतो, परंतु डिस्कच्या दृष्टीने ते पुसणेही आहे. रिस्टोअर केलेल्या डिस्कवर त्यापूर्वी असलेले सर्व काही जाते. एखाद्या मुलीने दोन महिने खपून तयार केलेला विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प, एखाद्या मुलाने स्क्रॅचमध्ये केलेला पहिला खेळ, शाळेच्या हस्तलिखितासाठी टंकलेल्या कविता, हे सारे ‘डेस्कटॉप’वर ठेवलेले असेल तर इमेजसोबत परत येत नाही. इमेजमध्ये असतो तो वर्षारंभीचा रिकामा संगणक. यंत्र वाचते आणि मुलाचे काम मात्र जाते. ज्याच्या घरी दुसरी प्रत ठेवण्यास दुसरा संगणकच नाही, त्याची ही हानी भरून निघत नाही.

यावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. विद्यार्थ्यांचे काम संगणकाच्या डिस्कवर न ठेवता कक्षातील एका सामाईक संगणकावर, प्रत्येक इयत्तेच्या व विद्यार्थ्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे. त्या फोल्डरची दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर नक्कल घ्यावी आणि ती डिस्क कक्षाबाहेर, कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. रिस्टोअर करण्याच्या दोन दिवस आधी फलकावर सूचना लावावी. ज्या दिवशी रिस्टोअर करायचे, त्या दिवशी प्रत्येक संगणकाची डिस्क उघडून काही शिल्लक नाही ना हे डोळ्यांनी पाहावे. इमेज ही संगणकाच्या घडीची प्रत आहे आणि मुलांच्या कामाची प्रत निराळी ठेवावी लागते, हे दोन्ही ठिकाणी लक्षात राहिले पाहिजे.

देणगीदार माजी विद्यार्थ्यांसाठी

अनेक माजी विद्यार्थी आज कार्यालयांत, बँकांत, संगणक कंपन्यांत काम करतात आणि शाळेला संगणक देऊ इच्छितात. ही भावना मोलाची आहे. तिचा लाभ पूर्ण व्हावा यासाठी वरील पद्धतीच्या दृष्टीने काही सूचना कराव्याशा वाटतात.

शक्य असेल तर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे संगणक गटाने द्यावेत. पाच जणांनी पाच तऱ्हेचे संगणक दिले, तर पाच इमेज सांभाळाव्या लागतात, कारण ड्रायव्हर, सुरुवातीची पद्धत व डिस्कचे आकार भिन्न असतात. पाच जणांनी मिळून एकाच प्रकारचे पाच घेतले, तर एक इमेज पुरते. डिस्कच्या आकाराचेही भान ठेवावे. २४० जीबीच्या डिस्कवरून घेतलेली इमेज २५६ जीबीच्या डिस्कवर जाते, पण उलट दिशेने सहसा जात नाही. म्हणून आदर्श संगणकाची डिस्क नेहमी सर्वांत लहान असावी.

विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठीच्या अटी न पुरवणारे अनेक सुस्थितीतील संगणक यामुळे कार्यालये मोडीत काढत आहेत. असे संगणक शाळेला निरुपयोगी नाहीत. उबुंटू किंवा सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ यांसारखी लिनक्स प्रणाली घालून त्यांची एक इमेज केली, तर टंकलेखन, गणित, स्क्रॅच, इंटरनेट ही सर्व कामे त्यांच्यावर होऊ शकतात. केरळमधील शासकीय शाळांनी मुक्त प्रणालीवरच संगणक शिक्षण चालवून दाखवले आहे. असे संगणक देताना देणाऱ्याने कार्यालयाची माहिती पूर्ण पुसून द्यावी, म्हणजे शाळेवर जोखीम राहत नाही.

संगणकापेक्षाही स्वस्त अशा तीन वस्तूंची गरज अधिक आहे : २४ जोडण्यांचा एक गिगाबिट स्विच, चांगल्या प्रतीच्या तारा आणि दोन बाहेरच्या हार्डडिस्क. एक डिस्क इमेजसाठी आणि दुसरी मुलांच्या कामासाठी. ज्यांना वस्तू देणे शक्य नाही त्यांनी वर्षातून एक रविवार द्यावा. इयत्ता नववीतील चार विद्यार्थी, त्यांत दोन मुली, सोबत घेऊन त्यांच्या हातून एक इमेज घेववावी आणि एक संगणक रिस्टोअर करवावा. दहावीला जाताना त्या चौघांनी पुढच्या चौघांना शिकवावे. शिक्षकाची बदली झाली किंवा तंत्रज्ञाने येणे बंद केले तरी कक्ष चालू राहण्याची तीच खरी तरतूद आहे. शहरापासून दूरच्या शाळांकडून प्रत्येक खेपेला प्रतिसंगणक आकार घेऊन बेकायदा प्रती घालून जाणारे दुकानदार आपण पाहिले आहेत. मुलांना काम येऊ लागले की त्या फेऱ्यांची गरज उरत नाही.

शेवटी एक साधी वही. इमेजचे नाव, घेतल्याची तारीख, त्यातील प्रोग्राम, कोणत्या मॉडेलसाठी ती आहे, कोणत्या संगणकावर कधी घातली आणि घालणाऱ्याची सही, एवढे रकाने त्या वहीत आखावेत. इमेज वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी व दिवाळीच्या सुट्टीत, अद्ययावत करून नव्या तारखेने जतन करावी, आणि नवी पक्की ठरेपर्यंत जुनी पुसू नये. ही वही संगणक कक्षात दाराजवळ टांगलेली असावी, म्हणजे सोमवारी सकाळी पहिल्या तासिकेला एखादा संगणक सुरू झाला नाही, तर कोणती इमेज घ्यायची हे नववीतल्या मुलीलाही कोणाला न विचारता कळेल.